तिसावी सुई

टिण्.

आवाज एवढासाच. ट्रेच्या कडेला आपटून एक सुई फरशीवर पडली. पण चार खाटांवर चार माणसं छताकडे डोळे लावून निपचित पडली होती आणि पहिला शब्द कोणी काढायचा यावर सगळ्यांचंच अडलं होतं. त्यामुळे तो आवाज खोलीभर फिरून परत आला.

"कोणाच्या हातून पडली?" पहिल्या खाटेवरून दादांनी विचारलं. मान वळवून बघायची सोय नव्हती. दोन्ही कानांत सुया होत्या.

"माझ्या," धाकटी म्हणाली. "सुटली हातून."

ती खाली वाकली, सुई उचलून स्टीलच्या वाटीत टाकली आणि अप्पांच्या हातात दुसरी दिली. देताना त्यांच्या चिमटीत नीट बसली की नाही हे तिने डोळ्यांनी पाहून घेतलं, कारण ते अप्पांना बोटांनी कळत नव्हतं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आपल्याच मुलाच्या, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्या, पोटरीत ती सुई त्यांनी अलगद बसवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "दुखतंय का?"

"नाही."

"मग बरं आहे," म्हणत अप्पा खुर्चीत टेकले. धाकटीने गजराच्या घड्याळाला वीस मिनिटांची चावी दिली.

या घरात भांडायचं तर आडवं होऊन, असा अप्पांचा नियम होता. दोघे भाऊ शाळकरी असताना एकदा एकमेकांच्या उरावर बसले. अप्पांनी दोघांना मानगुटीला धरून शेजारशेजारच्या खाटांवर झोपवलं, सुया लावल्या आणि म्हणाले, आता भांडा. तेव्हापासून घरातला प्रत्येक मोठा निर्णय असाच झाला होता. दादांचं लग्न, वरच्या मजल्यावरचा दवाखाना, ताईचं घर सोडणं, सगळं. पायात सुई असलेला माणूस ताडकन उठून दार आपटून जाऊ शकत नाही. अंगठ्याच्या बेचक्यात सुई असली की समोरच्याकडे बोट रोखता येत नाही. बाहेरच्या जगात लोक बैठका बसून घेतात म्हणून त्या इतक्या वाया जातात, असं अप्पांचं प्रामाणिक मत होतं.

जो आडवा होणार नाही त्याने बोलायचं नाही, हे त्या नियमाचं दुसरं कलम. उभं राहण्याची मुभा फक्त दोघांना: सुया लावणारे अप्पा, आणि त्यांच्या हाताखाली काम करणारी धाकटी. धाकटीची पाच वर्षांची मुलगी मुंगी कुठल्याच कलमात बसत नव्हती. ती अप्पांच्या खुर्चीखाली बसून आपल्या कापडी अस्वलाला दात कोरायच्या काड्या टोचत होती आणि प्रत्येक काडीनंतर त्याला विचारत होती, "दुखतंय का? नाही ना? मग बरं आहे."

"बोला," अप्पा म्हणाले. "बोलावणं तुमचं आहे."

"बोलावणं दोघांचं आहे," दादा म्हणाले. "माझं आणि ताईचं."

हीच मुळात नवलाची गोष्ट होती. दादांचं आणि ताईचं गेल्या सात वर्षांत चहात साखर किती यावरही एकमत झालेलं नव्हतं. दादा वरच्या मजल्यावर बसत. वडिलांचीच ॲक्युपंक्चरची विद्या, पण सहा खाटा, प्रत्येकाला दहा मिनिटं, आणि भिंतीतल्या स्पीकरमधून धबधब्याचा आवाज. त्यांच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आम्ही आजार नव्हे, संपूर्ण माणूस पाहतो.' पाहायला दहा मिनिटं पुरत, कारण माणूस बहुधा पालथा असे.

ताईने वेगळी वाट धरली. ती मोठ्या इस्पितळात भूल द्यायची. कोणी विचारलंच तर सांगे, "घरचाच धंदा पुढे चालवतेय. सुईच टोचते. अप्पांच्या सुईने माणूस बोलायला लागतो, माझ्या सुईने गप्प होतो. एवढाच फरक."

"अप्पा," दादांनी छताला उद्देशून सुरुवात केली, "एक्केचाळीस वर्षं झाली. आता आराम करा. तुम्ही खाली स्वागताला बसा. लोकांना नुसतं तुमचं दर्शन झालं तरी पुरे. तुमचा मोठा फोटो लावू."

"फोटो गेलेल्यांचा लावतात."

"तसा नाही हो. हसरा."

"हसरेच असतात ते."

दुसऱ्या खाटेवर वहिनी, म्हणजे दादांची बायको, खुदकन हसली आणि लगेच "आई गं" म्हणाली. तिच्या भुवयांच्या मध्ये सुई होती. हसायला आणि आठ्या घालायला दोन्हीला बंदी. दवाखान्याचा फोन वहिनी सांभाळायची. कोणाला कधीची वेळ द्यायची हे तिच्या हातात असल्याने गावातली निम्मी माणसं तिला वचकून होती.

"मी फोटोचं बोलायला आलेली नाही," तिसऱ्या खाटेवरून ताई म्हणाली. "अप्पा, मागच्या महिन्यात मी आले होते तेव्हा उकळत्या चहाचा पेला तुम्ही मुठीत धरून बसला होतात. मला त्याला हात लावता येत नव्हता."

"तुमच्या पिढीचे हात नाजूक."

"तहान लागते तुम्हाला. दोनदा बोलता बोलता उठून पाणी प्यायलात. वजन उतरलंय. एक रक्ताची तपासणी करून घ्या. एक थेंब लागतो."

"एक्केचाळीस वर्षांत," अप्पा शांतपणे म्हणाले, "मी इतक्या लोकांना सुया टोचल्या, पण थेंब कोणाचा काढला नाही. देणारी सुई वेगळी, घेणारी वेगळी."

"वाक्य छान आहे. साखर वाक्यांनी उतरत नाही."

"ताई म्हणतात त्यात चुकीचं काय आहे?" वहिनीने दादांच्या बाजूने, पण ताईच्या तोंडाने, मत दिलं. "या वयात तपासणी बरी. तोवर वरचा दवाखाना खाली आणि खालचं वर करून घेता येईल."

चौथ्या खाटेवरून कोणाचंच मत आलं नाही. धाकटीचा नवरा घोरायला लागला होता. तो चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा. दिवसभर "आता स्पष्ट दिसतंय? की आधीचं बरं होतं?" असं विचारून तो इतका दमलेला असे की घरात काही स्पष्ट दिसावं अशी त्याची अपेक्षाच उरली नव्हती.

धाकटी कपाट आवरण्याचं निमित्त करून पाठमोरी उभी होती. ताईच्या तोंडून चहाचा पेला निघाला तेव्हा तिच्या हातातून कापसाचा बोळा सुटला. चहा तिनेच ओतला होता. पेल्यावरून वाफ निघताना तिने पाहिलं होतं. अप्पांच्या हातून पेला काढून घ्यायला ती पुढेही झाली होती, पण अप्पांनी डोळ्यांनीच तिला थांबवलं होतं.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. अप्पा एका बाईची नाडी बघत बसले होते. तीन बोटं मनगटावर, डोळे मिटलेले, नेहमीसारखे. बाई गेल्यावर ते बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "धाकटे, मला काही लागत नाही गं हाताला. कापूस बांधल्यासारखं झालंय." मग म्हणाले, "हे कोणाला कळलं ना, तर ही खुर्ची म्हणजे नुसतं लाकूड."

दुसऱ्या दिवसापासून एक नवी पद्धत सुरू झाली. येणाऱ्या प्रत्येकाला आधी धाकटी आतल्या खोलीत घ्यायची, वजन करायच्या निमित्ताने मनगट धरायची आणि नाडी कशी चालली आहे ते चिठ्ठीवर लिहून अप्पांच्या चष्म्याच्या डबीखाली सरकवायची. 'दोरी ताणल्यासारखी.' 'खोल, मंद.' अप्पा डबी उचलायचे, चिठ्ठी वाचायचे, डबी ठेवायचे आणि मग डोळे मिटून त्याच मनगटावर तीन बोटं टेकवायचे.

आणि लोक बरे होत होते. हेच तर नवल. खरं सांगायचं तर अप्पांची विद्या बोटांत होतीच कुठे एवढी! पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते तासभर सुई लावत नसत. झोप कशी लागते? स्वप्नात कोण येतं? कोणाशी बोलणं टाकलंय? शेवटचं रडलात कधी? खांदा धरलाय म्हणून आलेला माणूस पाऊण तासाने भावाबद्दल बोलायला लागायचा, आणि मग अप्पा सुई लावायचे ती नडगीला. "दुखतं तिथे मूळ नसतं," ते म्हणत. "दुखणं बोंब मारतं एकीकडे, आणि चोर दुसरीकडेच असतो."

धाकटीलाही त्यांनी असंच पकडलं होतं. मुंगी दोन महिन्यांची असताना ती रात्रंदिवस जागी होती, आणि घरातला प्रत्येकजण तिला बाळाबद्दल विचारत होता. बाळ दूध पितं का, बाळ झोपतं का. एका दुपारी अप्पांनी बाळाला उचलून वहिनीकडे दिलं आणि तिला खुर्चीत बसवून विचारलं, "तू शेवटची पोटभर कधी जेवलीस?" ती आठवायला लागली आणि आठवता आठवता हुंदके द्यायला लागली. सुई त्या दिवशी लावलीच नाही. जेवायला वाढलं. त्या ताटापायी तिने ही विद्या शिकायला घेतली, आणि त्या ताटापायीच आठ महिने चिठ्ठ्या लिहिल्या.

"झालं सगळ्यांचं?" अप्पांनी विचारलं. घड्याळात नऊ मिनिटं उरली होती. "मग माझं ऐका. मी उठतो खुर्चीवरून. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला."

खोलीत एकदम हवा खेळल्यासारखं झालं.

"खुर्ची धाकटीला देतोय."

दादा उठायला गेले आणि "आ!" करून परत पडले. त्यांच्याही पोटरीतली सुई आपलं काम चोख करत होती.

"धाकटीला? तिला या घरात येऊन झाली किती वर्षं? सहा!"

"आणि तुला सत्तेचाळीस. तरी नाडी कळत नाही."

"मला नाडी कळत नाही?"

"तुला धबधबा कळतो."

"ताई, तू बोल ना काहीतरी! आपण काय ठरवून आलो होतो? तू माझ्या बाजूने आली होतीस!"

"मी अप्पांच्या बाजूने आले होते," ताई म्हणाली. "वाटेत तू भेटलास. अप्पा, धाकटीला बसवा, माझी ना नाही. पण उद्या तपासणी."

"धाकटे," वहिनीचा आवाज एकाएकी मऊ झाला, "फोन मीच बघायचे ना? म्हणजे विचारून ठेवलेलं बरं. आपलं दोघींचं कधी काही वाकडं नाही हो."

"अगं, तू कोणाची बायको आहेस?" दादा कळवळले.

"तुमचीच. म्हणून तर पुढचं बघतेय."

धाकटीने कपाटाचं दार लावलं. खुर्ची तिला हवी होती. हे तिने कोणाजवळ, नवऱ्याजवळसुद्धा बोलून दाखवलं नव्हतं. पण सकाळी झाडताना ती रोज त्या खुर्चीचा हात पुसायची, गरज नसताना दोनदा. आणि आता ती मिळत होती, सगळ्यांसमोर, अप्पांच्या तोंडून. करायचं काहीच नव्हतं. आजवर जसं तोंड मिटलं होतं तसं अजून एक महिना मिटायचं, बस्स.

गजर झाला. घोरणारा नवरा दचकून जागा झाला आणि म्हणाला, "मला मान्य आहे."

"काय मान्य आहे?" ताईने विचारलं.

"जे ठरलं ते."

धाकटीने एकेकाच्या सुया काढायला घेतल्या. टिण्, टिण्, वाटीत पडत होत्या. इथे घरचा शेवटचा नियम लागू होई, आणि हा अप्पांचा नव्हता, सासूबाईंचा होता. धाकटीने त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं. दाराच्या वर त्यांच्या हातची पाटी अजून होती: 'घातल्या तेवढ्या काढल्या?' हिशोब लागल्याशिवाय खोलीबाहेर कोणी जायचं नाही.

तिने मोजल्या. पुन्हा मोजल्या. दहादहाची तीन पाकिटं रिकामी. चार माणसांच्या अंगातून निघालेल्या अठ्ठावीस. खाली पडलेली एक. एकोणतीस.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

मग जे सुरू झालं त्याला शोध म्हणायचं की सूड, हे सांगणं कठीण. ताईने वहिनीचा अंबाडा सोडायला लावला. "तुझ्या केसांत अख्खा ट्रे हरवेल," असंही म्हणाली. वहिनीने ताईच्या कॉलरमध्ये हात घालून, जरुरीपेक्षा जरा जोरातच, चाचपलं. दादांनी धाकट्या भावाला बनियनवर उभं केलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता विचारलं, "तुला आधीच माहीत होतं ना, अप्पा हिला खुर्ची देणार ते?" तो म्हणाला, "मला आत्ता कळलं. कोणती खुर्ची?" खाटांच्या गाद्या उलट्या झाल्या. चादरी झटकल्या.

"पाकिटातच एक कमी आली असेल," दादा म्हणाले. "चला, जेवू या."

"मोजणी पुरी झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "तुझ्या आईचा नियम आहे."

"अप्पा, तुमच्या अंगावर कुठे?"

"मी टोचणारा," अप्पा हसले. "टोचणाऱ्याच्या अंगात सुई असती तर टोचणाऱ्याला कळलं नसतं?"

धाकटीला सकाळ आठवली.

सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा अप्पा एक पाय उघडा करून स्टुलावर ठेवून बसले होते. रोजचंच होतं ते. दिवसाची पहिली सुई स्वतःला, पावलावर, अंगठ्याच्या मागच्या खळग्यात. वीस मिनिटांनी ते स्वतः काढत आणि स्वतः वाटीत टाकत. पाकीट ट्रेमधलंच, पण ती वाटीत आपोआप येत असल्याने मोजताना तिची वेगळी आठवण कोणालाच होत नसे. आज मात्र मध्येच दारावरची घंटा वाजली होती. ताई तासभर आधी आली होती. अप्पांनी घाईघाईने मोजा चढवला होता.

तिने खाली पाहिलं. करड्या लोकरीच्या मोज्यात अप्पांचे दोन्ही पाय शेजारीशेजारी, शहाण्या मुलांसारखे टेकलेले.

म्हणजे बोटंच नव्हे. पायही.

आठ महिने तिने फक्त बोटांचा विचार केला होता. बोटं बधिर झाली तर काय, आपली बोटं आहेत. त्या बोटांच्या मागे हात असतो, हातामागे माणूस असतो, त्याला तहान लागते, त्याचं वजन उतरतं, हे तिला शिकवणारा माणूस तिच्यासमोर रोज बसत होता, आणि त्याला तिने एकदाही विचारलं नव्हतं की अप्पा, तुम्हाला झोप लागते का? तुम्ही शेवटचे पोटभर कधी जेवलात?

तिच्या खिशात एक न फोडलेलं पाकीट होतं. ते तिच्या हाताला लागलं. एक सुई काढायची, गादीच्या कडेला सापडली म्हणायचं, वाटीत टाकायची. टिण्. तीस. सगळे जेवायला जातील. मग ती दार लावून अप्पांच्या पायाशी बसेल, हळूच मोजा उतरवेल. कोणाला कळणार नाही. एक तारीख येईल.

आठ महिन्यांत तिला खोटं किती सहज जमायला लागलं होतं, ते तिचं तिलाच या क्षणी दिसलं. पाकीट फोडलेलंसुद्धा होतं. सुई चिमटीत होती.

"सापडली?" अप्पांनी विचारलं. त्यांच्या नजरेत काही नव्हतं, काहीच. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

तिने वर पाटीकडे पाहिलं. सासूबाईंची गोष्ट या घरात कोणी सलग सांगत नसे. तिला ती तुकड्यातुकड्यांनी कळली होती. पोटात दुखायचं. अप्पांनी पंधरा दिवस सुया लावल्या. दुखायचं थांबलं. खरोखरच थांबलं, अप्पा काही खोटारडे नव्हते. दुखायचं थांबलं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि म्हणून इस्पितळात न्यायला उशीर झाला. त्यानंतर अप्पांशी काही महत्त्वाचं बोलायचं तर ताई खाटेवर आडवी होऊनच बोले.

धाकटीने चिमटीतली सुई पाकिटात परत घातली, पाकीट खिशात, आणि ती अप्पांच्या पायाशी गुडघे टेकून बसली.

"सापडली, पण काढायची बाकी आहे," ती म्हणाली. "अप्पा, माफ करा."

उजवा मोजा तिने हलक्या हाताने खाली ओढला. सुई तिथेच होती. पावलावर आडवी झोपलेली, मोज्याखाली दबून कमानीसारखी वाकलेली. सकाळपासून अप्पा तिच्यासकट चालले होते, चार माणसांभोवती फिरले होते, हसले होते.

वहिनीचे मोकळे केस तसेच हातात राहिले.

"दुखतंय का, अप्पा?" धाकटीने विचारलं.

अप्पांनी आपल्या पायाकडे पाहिलं. दुसऱ्याच कोणाचा पाय बघावा तसं. सवयीने त्यांच्या तोंडून शब्द आला, "नाही." आणि तो बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतःच तो ऐकला.

धाकटीने सुई काढली. वाटीत टाकली. टिण्.

"तीस," दादा पुटपुटले.

ताई पुढे आली. तिने पाऊल उचलून आपल्या मांडीवर घेतलं, मोजा पूर्ण काढला, तळवा उजेडाकडे वळवला आणि तिचा चेहरा इस्पितळातला झाला. अंगठ्याखाली नाण्याएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मध्ये काळपट. जुनी. त्या जखमेवर अप्पा रोज चालत होते.

"डोळे मिटा," ताई म्हणाली. तिने त्यांचा अंगठा दाबला. "आता कुठे हात लावलाय?"

अप्पा डोळे मिटून बसले. लोकांची नाडी बघताना बसत तसेच, लक्ष देऊन.

"लाव ना," ते म्हणाले. "लाव आधी. मग सांगतो."

ताईने अंगठा सोडला नाही. तिने मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?" मग तिने धाकटीला विचारलं.

"बोटांचं माहीत होतं."

"कधीपासून?"

"आठ महिने. नाडी मी बघायचे. अप्पांना चिठ्ठी द्यायचे."

"आठ महिने नाडी तू..." दादा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी धाकटीकडे वरून नव्हे, जरा वाकून पाहिलं. "म्हणजे ते सगळे तुझ्या..." त्यांनी वर पाटीकडे पाहिलं आणि मग खिशातून गाडीची किल्ली काढली. "मी गाडी दारात आणतो."

"आणि बनियनवरच उभं राहू नका, सदरा घाला. अप्पांना धरायला माणूस लागेल," वहिनीने धाकट्या दिराला सांगितलं, आणि स्वतः फोनकडे गेली. उद्याच्या सगळ्या वेळा रद्द करताना तिचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, फक्त मध्येमध्ये तिला थांबून नाक पुसावं लागत होतं. "नाही, बरे आहेत. नाही हो, सांगितलं ना. नाही, कारण सांगता येत नाही."

अप्पांनी डोळे उघडले. ते धाकटीकडे बघत होते.

"कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं आपलं," ते हळू म्हणाले.

"हो."

"मग?"

"अप्पा, तुम्ही शेवटचे पोटभर कधी जेवलात?"

अप्पा आठवायला लागले. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर तळवा टेकवला, दाबला, पुन्हा दाबला. लाकूड तिथे आहे याची खात्री करून घेत असावेत. आणि पाय ताईच्या मांडीवर तसाच राहू दिला.

"एक थेंब म्हणालीस ना?" त्यांनी ताईला विचारलं.

"आता एका थेंबात नाही भागायचं, अप्पा."

"देणारी सुई, घेणारी सुई," अप्पा पुटपुटले. "बरं वाक्य होतं."

"होतं चांगलं," ताई म्हणाली आणि कापसाने जखमेची कड पुसायला लागली, इतक्या हळू, की जणू ती दुखत होती.

बाहेर गाडीचा आवाज आला. धाकटीने वाटी उचलली. तीस सुया. मोजणी लागली होती. नियमाप्रमाणे आता कोणीही बाहेर जाऊ शकत होतं. ती तरी जमिनीवरच बसून राहिली. उठायला हवं होतं, अप्पांचा दुसरा मोजा काढायला हवा होता. त्या मोज्याला हात लावायचं तिला धैर्य होत नव्हतं.

खुर्चीखालून मुंगी रांगत बाहेर आली. काखेत अस्वल, अस्वलाच्या अंगभर काड्या. तिने अप्पांच्या उघड्या पावलाला एक बोट लावून पाहिलं, मग दुसरं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. मुंगीने पाऊल सोडलं आणि ती आईच्या मांडीत येऊन बसली.

"आई," तिने विचारलं, "अप्पांना काहीच दुखत नाही. मग सगळ्यांत बरे तेच ना?"